भुतासमोर उभं राहणारा माणूस कसा लिहायचा

मागच्या वर्षी एका मित्राने त्याची भूतकथा वाचायला पाठवली. पहिली आठ पानं एकदम भारी, वाडा, पाऊस, जिन्यावर कुणीतरी अनवाणी चढल्याचा आवाज, मी रात्री वाचत होतो आणि खोटं कशाला सांगू, एकदा मागे वळून बघितलं. मग नवव्या पानावर हिरो हातात त्रिशूळ घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, "दुष्ट आत्म्या, तुझा अंत आता जवळ आला आहे!" संपलं. मला हसू आलं आणि पंखा वाढवून मी झोपलो.

घाबरवणं त्यामानाने सोपं असतं हो, अंधार आणि आवाज नीट वापरता आला की निम्मं काम होतं. माती होते ती माणूस भुताला तोंड देतो त्या सीनमध्ये. मी स्वतः हा सीन बऱ्याच कथांमध्ये घाण केलाय, त्यातून जे कळलं ते इथे क्रमाने लिहितोय. सोबत एक उदाहरण रचत जाऊ म्हणजे नुसतं ज्ञान वाटल्यासारखं होणार नाही.

१. आधी भूत कोणतं ते ठरवा

"एक आत्मा होता" असं लिहून चालत नाही. आपल्याकडे भुतांची इतकी जात-पोटजात आहे आणि प्रत्येकाशी वागायची रीत वेगळी. चकवा लागला तर तो अंगावर येत नाही, तो तुम्हाला त्याच त्या शेताभोवती फिरवत राहतो, आणि जुनी माणसं सांगतात की अशा वेळी धावायचं नाही, आहे तिथे बसायचं, उजाडलं की वाट दिसते. म्हणजे चकव्यासमोर शौर्य काय तर रात्रभर एका जागी गप्प बसणं! गिऱ्हा पाण्यातला, त्याचा केस हाती लागला तर तो गडी म्हणून राबतो म्हणतात, आणि तो केस लपवायचा कुठे तर स्वतःची मांडी चिरून तिच्यात. हडळीचे पाय उलटे. मुंजा म्हणजे मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत मेलेला पोरगा, राहायला पिंपळावर, खोड्या करणार, दगड मारणार.

आणि कोकणात-गोव्यात तर आणखी गंमत. तिथला देवचार गावाची राखण करतो, त्याच्याशी कोण भांडणार? त्याला गाऱ्हाणं घालायचं, व्हय म्हाराजा म्हणायचं, मान द्यायचा. आरवलीचा वेतोबा घ्या, भुतांचा राजा वेताळ म्हणजेच तो, पण लोक त्याला नवसाला केळ्यांचे घड देतात आणि हे एवढाले चामड्याचे जोडे वाहतात, कारण तो रात्री गावभर फिरतो आणि जोडे झिजतात. अशा गावातली कथा लिहिताना कुणी मुंबईचा पोरगा टॉर्च आणि लोखंडी गज घेऊन वेताळाला मारायला निघाला तर वाचणारा मालवणी माणूस मोबाईल बाजूला ठेवून देईल.

आपण मुंजा घेऊ. जागा कोकणातली नको, देशावरची घेऊ.

२. माणसाला पळून का जाता येत नाही ते शोधा

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आणि बहुतेक जण हीच गाळतात. शहाणा माणूस भूत दिसलं की पळतो. पळावंच. मग तुमचा माणूस का थांबतो? "कारण तो शूर होता" हे उत्तर नाही. थांबण्यामागे पैसा, पोर, दिलेला शब्द, लाज असं काहीतरी रोजच्या जगण्यातलं पाहिजे.

आपल्या कथेतली बाई म्हणजे कमल. नवरा गेलाय, एक आठ वर्षांचा पोरगा गणू, आणि दीड एकर कांदा. शेतीची थ्री फेज लाईट आठवड्यातले काही दिवस रात्रीच असते हे गावाकडच्या कुणालाही सांगायला नको, म्हणजे रात्री बारा-एकला उठून विहिरीवर जायचं, स्टार्टरचं बटण दाबायचं आणि मग पहाटेपर्यंत वाफ्यावाफ्याला दारं मोडत, म्हणजे पाणी वळवत फिरायचं. विहिरीला लागून पिंपळ. पिंपळावर मुंजा आहे हे सगळ्या गावाला माहीत, म्हणून शेजारपाजारचे गडी रात्री तिकडे फिरकत नाहीत. कमल जाते, कारण कांद्याला पाणी नाही मिळालं तर सोसायटीचं कर्ज फिटत नाही. आणि घरी दुसरं कुणी नाही म्हणून गणूलाही सोबत न्यावं लागतं, तो बांधावर बाज टाकून झोपतो.

बघा, अजून भूत आलेलं नाही आणि बाई आधीच शूर आहे. तिला तसं म्हणायची गरज पडली नाही. आणि एक, पळायची वाट मात्र उघडी ठेवा. दार बंद, खोलीत भूत, मागे भिंत अशी कोंडी केली तर माणूस लढतो ते नाइलाजाने, त्यात कसलं आलंय धाडस. कमल कधीही गणूला उचलून घरी जाऊ शकते. घर पाच मिनिटांवर आहे, हे कथेत एकदा सांगून ठेवा.

३. नियम आधीच पेरा

प्रत्येक भुताला एक नियम असतो आणि तो वाचकाला सीनच्या बराच आधी कळलेला पाहिजे. ऐनवेळी आजोबांच्या पेटीतून ताईत निघाला की वाचकाला फसवल्यासारखं होतं. तुंबाड सिनेमातलं पिठाचं रिंगण आठवा, त्यातला हस्तर त्याच्या आत येऊ शकत नाही हे आपल्याला पक्कं कळलेलं असतं म्हणूनच पुढे जे होतं त्याने पोटात गोळा येतो.

या बाबतीत सगळ्यात जुना उस्ताद म्हणजे वेताळपंचविशी. या गोष्टी अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने कथासरित्सागरात घेतल्या आणि आपल्यापैकी अर्ध्या लोकांनी त्या चांदोबात वाचल्या. नियम किती साधा बघा, उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर डोक्याची शकलं होतील, आणि बोललास तर मी परत झाडावर. दोन्हीकडून अडकवलंय. राजा वेताळाशी मारामारी करत नाही, शेवटचा प्रश्न सोडला तर तो दर वेळी खरं उत्तर देतो आणि दर वेळी पुन्हा स्मशानातल्या त्याच झाडाकडे चालत जातो. पहिल्यांदा प्रेत खांद्यावर घेणं सोपं असेल, पण अठराव्यांदा? मला तरी त्या परत चालत जाण्यात सगळी हिंमत दिसते.

आपल्या कथेसाठी घरोघरी माहीत असलेला नियम घेऊ, रात्री कुणी हाक मारली तर लगेच ओ द्यायचा नाही. लहानपणी आम्हाला आजी सांगायची की तीन हाका ऐकू आल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. आपण तो जरा कडक करू, हा मुंजा ओळखीच्या आवाजात हाक मारतो आणि जो ओ देईल त्याच्या मागे लागतो. हे कथेच्या दुसऱ्या-तिसऱ्या पानावरच कुणीतरी सहज बोलून जाऊ दे. कमल गणूला अंथरुणावर दम भरते, "हाक आली तर गप पडायचं, मी मारली तरी." त्या शेवटच्या तीन शब्दांवर माझी सगळी कथा उभी आहे.

४. जाणकार माणसाला घरी पाठवा

मराठी भयकथेत जाणकाराची परंपरा मोठी आहे, नारायण धारपांच्या कथांमधले समर्थ आले की आपल्याला हायसं वाटायचं, आणि ते छानच होतं. पण तसा माणूस उभा करायला तेवढी ताकद लागते. आपण लिहायला गेलो की मांत्रिक येतो, दोन पानं संस्कृत बोलतो आणि भूत जातं, आणि मुख्य माणूस कोपऱ्यात उभा राहून बघतो. मांत्रिक ठेवायचाच असेल तर त्याला चुकू दे, नाहीतर एसटी चुकू दे.

आणि हो, एक गोष्ट मला मनापासून खटकते. "झपाटलेल्या" बाईला झोडपून, मिरचीची धुरी देऊन भूत काढणारा माणूस शूर म्हणून रंगवू नका प्लीज. महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण करणं, साखळीने बांधणं, धुरी देणं हा गुन्हा आहे, आणि तो कायदा यावा म्हणून वर्षानुवर्षं झगडणाऱ्या डॉ. दाभोलकरांचा त्याच वर्षी खून झाला. भूत खोटं असलं तरी कथेत चालतं, पण त्या मारातली बाई खरी असते. असा प्रसंग लिहायचाच असेल तर धाडस तिला सोडवणाऱ्याच्या वाट्याला द्या.

५. आता तो सीन

भीती शरीरात दाखवा आणि थोडीच दाखवा. "तिच्या अंगावर काटा आला, घाम फुटला, हृदय धडधडू लागलं, पाय लटपटले" असं सगळं एका दमात लिहिलं की काहीच जाणवत नाही. एकच काहीतरी घ्या. कमलचं बोट स्टार्टरच्या हिरव्या बटणावर आहे आणि ते दाबलं जात नाहीये, बस्स.

हिंमतीची कृती लहान ठेवा, जितकी लहान तितकी जोरात लागते. आणि ती कृती पेरलेल्या नियमातूनच यायला हवी. मी असं लिहीन:

पिंपळाखालून आवाज आला. "गणूऽ"
आवाज कमलचा होता. कमल तर इथं पेटीपाशी उभी होती.
तिनं बॅटरी बांधाकडं मारली. बाजेवर पोरगं उठून बसलेलं. डोळे झोपेतच. चाळीस पावलं लांब, मध्ये ओले वाफे.
"गणूऽ, ये रं बाळा."
पोराचं तोंड उघडलं.
"ओ," कमल म्हणाली.

झालं. ना त्रिशूळ, ना अंगारा, एकच अक्षर. तिला नियम माहीत आहे, वाचकाला माहीत आहे, धावत जाऊन पोराच्या तोंडावर हात ठेवण्याइतका वेळ नाही हे दोघांनाही दिसतंय. या जागी "तिने आपल्या मुलासाठी स्वतःचा जीव धोक्यात घातला" हे वाक्य लिहायचा मोह होईल. माझ्या पहिल्या ड्राफ्टमध्ये ते होतं. खोडलं.

मोठी भाषणं तर नकोच. माणूस घाबरला की स्वतःच्या बोलीत आणि तुटक बोलतो. पुढे मुंजा समोर येऊन उभा राहिला की कमल काय म्हणेल? मी बराच विचार केला, आधी तिच्या तोंडी शिव्या घातल्या, मग देवाचं नाव घातलं, दोन्ही खोटं वाटलं. शेवटी जाणवलं की समोर आठ-दहा वर्षांचं पोर उभं आहे आणि ही आई आहे. ती म्हणते, "सरक. लाईट जाईल." आणि बटण दाबते. मोटर चालू होते, पाटाला पाणी येतं, पोर तिथेच उभं.

६. किंमत वसूल करा

फुकटात जिंकलेलं भूत लक्षात राहत नाही. ड्रॅक्युलाला छातीत खुंटी ठोकून मारतात असं सगळ्यांना वाटतं ना, पण १८९७ च्या मूळ पुस्तकात तसं नाहीये, तिथे जोनाथनची कुकरी त्याच्या गळ्यावरून फिरते आणि क्विन्सी मॉरिसचा सुरा काळजात घुसतो, आणि तो क्विन्सी त्याच झटापटीतल्या जखमेने तिथेच मरतो.

दर वेळी कुणी मेलंच पाहिजे असं नाही. कमलने ओ दिलाय, म्हणजे मुंजा आता तिचा. तो तिला मारणार नाही, नुसता रोज हाक मारणार. कधी गणूच्या आवाजात, कधी गेलेल्या नवऱ्याच्या. ही किंमत मला मरणापेक्षा जड वाटते, कारण यानंतर तिला खऱ्या गणूच्या पहिल्या हाकेलाही ओ देता येणार नाही, पोरगं तीनदा ओरडेपर्यंत थांबावं लागणार.

७. थांबायचं कुठे

उजाडल्यावर. पण गावकरी जमले, सगळ्यांनी कमलचं कौतुक केलं, पिंपळ तोडला असलं काही नको. कुणाला कळलंच नाही तर जास्त बरं.

कथा झाली की एक काम करा, घरातल्या कुणालातरी रात्री मोठ्याने वाचून दाखवा. भिडायच्या सीनला ऐकणारा हसला तर डायलॉग कापा, मोबाईल बघायला लागला तर पळायची वाट तपासा, बहुतेक ती तुम्ही बंद करून ठेवलेली असते. मी कमलची गोष्ट बायकोला वाचून दाखवली. ती काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातून मी तिला हाक मारली, तर ती बाहेर बसलेली असूनही गप्प. दुसरी मारली. गप्प. तिसऱ्या हाकेला म्हणाली, "हां, बोल आता."