लेझर कटरचा बेड सपाट करताना या चुका टाळा

एकाच शीटवर डावीकडचे तुकडे आपोआप गळून पडतात आणि उजवीकडचे चिकटून राहतात. अशा वेळी बहुतेक जण पॉवर वाढवतात किंवा स्पीड कमी करतात. उजवीकडचे तुकडे सुटतात खरे, पण डावीकडच्या कडा काळ्या पडतात, काप रुंद होतो आणि खाचेत बसणारे जोड ढिले होतात. दोष बेडमध्ये, म्हणजे शीट ज्यावर ठेवतात त्या पृष्ठभागात असेल, तर तो सेटिंग बदलून जात नाही.

मिलिमीटरभराने एवढं काय बिघडतं? सीओटू (कार्बन डायऑक्साइड) लेझरचा ६ मि.मी. रुंद किरण दोन इंची लेन्समधून गेला, की फोकसला साधारण ०.११ मि.मी.चा ठिपका पडतो. तिथून १ मि.मी. वर-खाली झालं की ठिपक्याचं क्षेत्रफळ जवळपास दुप्पट होतं, म्हणजे तीव्रता निम्म्यावर येते. दीड इंची लेन्सला एवढीच घसरण व्हायला अर्धा मिलिमीटर पुरतो. चार इंची लेन्स मात्र ४ मि.मी.च्या आसपास खपवून घेते. म्हणून माझं मत असं: दोन इंची लेन्स असेल तर बेडभर अर्ध्या मिलिमीटरच्या आत फरक ठेवावा. दीड इंची लेन्सवर बारीक कोरीवकाम होत असेल, तर त्याच्याही निम्मा.

बेडचाच दोष आहे का, हे न बघता नट सोडणे

हेड (लेन्स आणि नोझल असलेला सरकता भाग) खराब कोपऱ्यात न्या, तिथेच फोकस नव्याने लावा आणि एक छोटा चौकोन कापून बघा. आरपार कापला गेला तर उंचीचा प्रश्न आहे. तरीही नाही कापला, तर बेडला हात लावू नका. आरसे आणि लेन्स तपासा. हेडच्या तोंडावर टेप लावून, झाकण बंद ठेवून, चारही कोपऱ्यांत कमी पॉवरचा एकेक ठिपका मारा. ठिपके एकमेकांवर पडत नसतील तर आरसे जुळवायला हवेत. आधी बेड हलवला तर दोन दोष एकमेकांत मिसळतात आणि मग काहीच कळेनासं होतं.

बेडवर पाणसळ ठेवून समाधान मानणे

ही चूक सर्रास दिसते. बेड जमिनीशी नाही, हेड ज्या रेलवर धावतं तिच्याशी समांतर हवा. मशीनच तिरकं उभं असेल तर पाणसळीतला बुडबुडा मधोमध येऊनही एक कोपरा फोकसबाहेर राहील. पाणसळ लागते ती मशीनची चौकट बसवताना. चारही पाय नीट टेकलेले नसतील तर चौकटीला पीळ बसतो आणि तोच रेलमध्ये उतरतो. म्हणून आधी पाय, मग बेड. मशीन चाकांवर असेल तर ते पायांच्या बोल्टवर उचलून घ्या.

फक्त चार कोपरे मोजणे

बेडचे दोष तीन: कल, पीळ आणि झोळ. तिघांचा उपाय वेगळा, म्हणून स्क्रू फिरवण्याआधी दोष ओळखायला हवा. हेडला डायल गेज (उंचीतला फरक काट्याने दाखवणारं मापक) बांधा, किंवा फोकस लावण्याची पट्टी आणि फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) वापरा, आणि कोपरे, कडांचे मध्य व मधला बिंदू धरून नऊ जागा मोजा.

आता समोरासमोरच्या कोपऱ्यांच्या आकड्यांची बेरीज करा. दोन्ही कर्णांची बेरीज सारखी आली तर नुसता कल आहे. वेगळी आली तर पीळ आहे. मधला बिंदू चार कोपऱ्यांच्या सरासरीपेक्षा खाली असेल तर झोळ आहे. मग हनीकोंब (शीटखालची मधाच्या पोळ्यासारखी धातूची जाळी) काढून खालच्या चौकटीवर हेच पुन्हा मोजा. तिथे आकडे चांगले आले तर दोष हनीकोंबचा, चौकटीचा नाही.

कल काढताना मशीन बंद करून प्लगही काढा. बऱ्याच मशीनमध्ये बेड वर-खाली करणारे चारही लीड स्क्रू एकाच बेल्टने फिरतात आणि बेल्टने एका पुलीवर दात चुकवला की तेवढाच कोपरा वर-खाली होतो. स्क्रूच्या एका फेऱ्यात बेड ४ मि.मी. चढत असेल आणि पुलीला २० दात असतील, तर एका दाताला ०.२ मि.मी. पडतात. एक कोपरा आधार धरा आणि त्याला अजिबात हात लावू नका. बेल्ट सैल करून बाकीचे त्याच्याशी जुळवा. चौथा कोपरा जोर लावून ओढू नका, पीळ तिथेच तयार होतो. मोजण्याआधी दर वेळी बेड थोडा खाली नेऊन वर आणा, म्हणजे स्क्रूचा ढिलेपणा एकाच बाजूला राहतो.

झोळ स्क्रूने जात नाही. त्यासाठी मध्यावर आडवी पट्टी किंवा अॅल्युमिनियमचा वा पितळेचा पातळ पत्रा सरकवावा लागतो. कागद, पुठ्ठा किंवा लाकडाची चीप मात्र कधीही नको. ती किरणाच्या वाटेत असते आणि पेट घेते.

हनीकोंबवर साचलेला चिकट थरही उंची बदलतो आणि जळतो. तो खरवडून काढणं हे सपाटीइतकंच सुरक्षेचं काम आहे.

शीटचा दोष बेडवर ढकलणे

प्लाय ओल धरतो आणि वाकतो. बेड अचूक असला तरी वाकलेली शीट मधोमध २ मि.मी. फुगलेली असू शकते, आणि ऑटोफोकस एकाच बिंदूवर मोजून सगळीकडे तेच गृहीत धरतो. कडा पिनांनी दाबा. चुंबकाने दाबायच्या असतील तर तो लोखंडी हनीकोंबला धरतो, अॅल्युमिनियमच्या नाही. पिनेचं डोकं नोझलच्या खाली राहतंय ना, हे कामाच्या बाहेरच्या कडेवरून हेड फिरवून आधी बघून घ्या. मशीन हलवलं, बेल्ट बदलला किंवा नोझल बेडवर आपटलं, की नऊ जागांची मोजणी पुन्हा करा.