घरातलं पिस्तूल मुलाच्या नावावर करताना या चुका टाळा

जमीन, दागिने, बँकेतल्या ठेवी यांच्या वारसाचा विषय घरात कधी ना कधी निघतो. परवान्याच्या रिव्हॉल्वरचा मात्र निघत नाही. ते कपाटाच्या लॉकरमध्ये पडून असतं, निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा होतं, निकालानंतर परत येतं. एक दिवस ज्यांच्या नावावर परवाना आहे ते जातात, आणि घरातला विशीतला मुलगा लॉकरची किल्ली आपल्याकडे घेतो. आता कर्ता तोच, असं सगळ्यांनाच वाटत असतं. त्या क्षणापासून तो विनापरवाना शस्त्र बाळगतो आहे, हे घरात कुणाच्याही लक्षात येत नाही.

शस्त्र परवान्याच्या कामात अशी घरं सारखी भेटतात. बहुतेक सरळमार्गी असतात. त्यांची चूक एकाच समजातून होते: वस्तू घराची आहे, तेव्हा ती घरातल्या कुणाकडेही राहू शकते. शस्त्र अधिनियम, १९५९ असं मानत नाही. वारसाने शस्त्राची मालकी मिळू शकते. ते जवळ ठेवण्याचा अधिकार फक्त स्वतःच्या नावावरच्या परवान्याने मिळतो.

अठरा पूर्ण झाली म्हणजे चालतं असं समजणं

अठराव्या वर्षी मतदान करता येतं, गाडीचं लायसन्स मिळतं, म्हणून बंदुकीचंही तसंच असेल असं अनेकांना वाटतं. कलम ९ मध्ये वयाची अट २१ वर्षं पूर्ण अशी आहे. पूर्वी ती १६ होती, १९८३ च्या दुरुस्तीने वाढली. गावाकडची जुनी माणसं 'आमच्या वेळी पोरं बंदूक वापरायची' म्हणतात त्यात तथ्य असेल, पण तो काळ कायद्यापुरता चाळीस वर्षांपूर्वीच संपला.

हे कलम नीट वाचावं. २१ वर्षं पूर्ण नसलेल्या व्यक्तीने शस्त्र मिळवू नये, ताब्यात ठेवू नये आणि जवळ घेऊन फिरू नये, अशा तिन्ही गोष्टी त्यात आहेत. देणाऱ्यालाही ते कलम लागू होतं. वय माहीत असून मुलाच्या हातात पिस्तूल देणारा बाप स्वतःही कायदा मोडतो.

इथे एक बारकावा आहे आणि त्यावर फार गफलत होते. परवानाधारकाच्या लेखी अधिकारपत्रावर दुसरी व्यक्ती शस्त्र दुरुस्तीला किंवा परवाना नूतनीकरणाला घेऊन जाऊ शकते. कलम ३ मध्ये तशी स्पष्ट सवलत आहे. म्हणून गुडघे दुखणारे वडील चिठ्ठी लिहून देतात आणि एकोणीस वर्षांचा मुलगा पिशवीत रिव्हॉल्वर घालून दुचाकीवर निघतो. चिठ्ठी बरोबर असली तरी मुलाचं वय बसत नाही. सव्वीस वर्षांची थोरली मुलगी तीच चिठ्ठी घेऊन गेली तर अडचण येत नाही.

मुलाला नेमबाजीची खरोखर आवड असेल तर कायद्याने त्याची वाट अडवलेली नाही. शस्त्र नियम, २०१६ नुसार बारा वर्षं पूर्ण झालेल्या मुलामुलींना प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली नेमबाजी शिकता येते. .१७७ बोअरच्या (बोअर म्हणजे नळीच्या आतला व्यास), २० ज्यूलपर्यंत ताकदीच्या एअर पिस्तुलाला परवानाच लागत नाही. राही सरनोबत, तेजस्विनी सावंत आणि पॅरिस ऑलिंपिकचं कांस्य आणणारा स्वप्नील कुसाळे, तिघंही कोल्हापूर जिल्ह्यातले. आपल्याकडे या खेळाची परंपरा आहे, रेंज आहेत. मळ्यात नेऊन वडिलांच्या पिस्तुलातून बाटल्यांवर नेम धरायला लावणं हे मात्र प्रशिक्षण नव्हे. त्याचा व्हिडिओ मोबाइलवर फिरला तर मुलावर गुन्हा आणि वडिलांचा परवाना रद्द, अशी दोन्हीकडून वेळ येऊ शकते. वरातीत, हळदीत बार काढण्यासाठी तर २०१९ च्या दुरुस्तीने स्वतंत्र शिक्षा आणली: दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

'दिवसकार्य होऊ दे, मग बघू'

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

परवानाधारकाच्या मृत्यूबरोबर त्याचा परवाना संपतो. कलम २१ सांगतं की ताबा कायदेशीर राहिला नाही की विनाकारण विलंब न लावता शस्त्र जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करावं. प्रत्यक्षात तेरावा होतो, वर्षश्राद्ध होतं, भावाभावांत सातबाऱ्यावरून बोलणी सुरू होतात आणि रिव्हॉल्वर कपाटातच राहतं. विनापरवाना शस्त्र बाळगण्याची शिक्षा २०१९ पासून किमान दोन आणि कमाल पाच वर्षं अशी झाली आहे. वडिलांची आठवण म्हणून ठेवलं होतं, हा बचाव ऐकणाऱ्याला कितीही पटला तरी कायद्यात त्याला जागा नाही.

जमा करताना पावतीकडे लक्ष द्या. 'एक जुने रिव्हॉल्वर' एवढंच लिहिलेली पावती पुढे काहीच सिद्ध करत नाही. शस्त्राची बनावट, बोअर आणि धातूवर कोरलेला क्रमांक पावतीवर हवा, आणि तो परवान्यातल्या नोंदीशी अक्षर-अक्षर जुळलेला हवा. परवान्यात ७ आणि शस्त्रावर १ असा फरक निघाला तर त्याच टेबलावर, जमा करतानाच, लेखी नोंद करून घ्या. वर्षाने ते शस्त्र सोडवायला जाल तेव्हा तोच एक आकडा तुम्हाला महिनोन्महिने खेटे घालायला लावतो. काडतुसंही मोजून त्याच पावतीवर लिहून घ्या. शस्त्र जमा केलं आणि खणात अकरा काडतुसं राहिली, तर त्या काडतुसांनाही परवाना लागतोच.

काही वेळा शस्त्र आचारसंहितेमुळे आधीच ठाण्यात असतं आणि त्याच काळात परवानाधारक जातात. घरच्यांना वाटतं, शस्त्र सरकारकडेच आहे, घाई नाही. घाई आहे. जमा शस्त्र परत घेण्याची किंवा विकण्याची मुदत ठरलेली असते आणि ती उलटली की जिल्हादंडाधिकारी ते सरकारजमा करू शकतात. मृत्यूचा दाखला जोडून, आम्ही वारस आहोत आणि शस्त्राबाबत अर्ज करणार आहोत, असं पत्र ठाण्यात आणि परवाना शाखेत दोन्हीकडे द्या. पोच घ्या.

वारस एकविसाच्या आतला असेल तर? आई अर्ज करू शकते, थोरली बहीण करू शकते. पिस्तूल म्हणजे मुलाचंच, ही समजूत नियमांत कुठेही नाही. आईला नको असेल तर ते परवानाधारकाला किंवा विक्रेत्याला विकता येतं आणि पैसे वारसांना मिळतात. मुलगा एकवीस वर्षांचा होईपर्यंत थांबायचंच असेल तर तसा लेखी अर्ज करून परवाना शाखेची परवानगी मागा. विक्रेत्याच्या कपाटात ठेवून विसरून जाऊ नका.

वडील हयात असताना 'भेट' देणं

मुलगा एकविसाचा झाला, वाढदिवसाला वडिलांनी पिस्तूल दिलं. असं थेट देता येत नाही. हयातीत वारसाकडे शस्त्र सोपवण्याची सोय शस्त्र नियमांतल्या नियम २५ मध्ये आहे, पण तिला अट आहे: परवानाधारकाने वयाची ७० वर्षं गाठलेली हवीत किंवा ते शस्त्र त्याच्याकडे २५ वर्षं असायला हवं, यातलं जे आधी होईल ते. तेव्हा तो आपल्या कायदेशीर वारसाचं नाव सुचवू शकतो. तरीही वारसाने सगळ्या अटी पूर्ण करायच्या असतात आणि पोलीस अहवाल प्रतिकूल नसावा लागतो.

वडील पंचावन्नचे आणि पिस्तूल आठ वर्षांपूर्वी घेतलेलं असेल तर हा मार्ग बंद. मग मुलाने स्वतःच्या कारणावर स्वतःचा परवाना काढायचा. तो मिळाल्यावर वडिलांनी जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा ठाण्याला, कुणाला देणार त्याच्या नाव-पत्त्यासह लेखी कळवायचं आणि किमान ४५ दिवस थांबायचं. पिस्तूल हाती द्यायचं ते त्यानंतर. बापलेकांत कसली नोटीस, असं म्हणून हे ४५ दिवस गाळणारे खूप आहेत. कायद्याने त्यांना त्यातून वगळलेलं नाही.

आणखी एक मर्यादा: २०१९ पासून एका व्यक्तीकडे दोनच शस्त्रं. आधी तीन चालत. वारसाने येणारं शस्त्रही या दोनात मोजलं जातं.

जुनं आहे, गंजलंय, त्याला कशाला परवाना

कोकणात आणि गोव्यात शेतीसंरक्षणाच्या बंदुका पिढ्यान्‌पिढ्या घरात आहेत. देशावर वाड्यांतून आजोबांची रिव्हॉल्व्हरं निघतात. कलम ४५ ची सूट जुनाट, पुराणवस्तू म्हणून मोलाच्या किंवा मोडक्या शस्त्राला आहे खरी. अट अशी की दुरुस्ती करूनही त्यातून बार निघता कामा नये. स्प्रिंग बदलली की चालेल असं रिव्हॉल्वर या सुटीत बसत नाही. ते बसतं की नाही हे घरात बसून ठरवू नका. जमा करा आणि तपासणी मागा.

आजोबा सैन्यात होते आणि पिस्तूल ९ मिमीचं निघालं, तर प्रकरण वेगळं. हा प्रतिबंधित बोअर आहे. त्याचा परवाना जिल्ह्यात मिळत नाही, तो विषय केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जातो, आणि विनापरवाना बाळगण्याची शिक्षा किमान सात वर्षं आहे. इथे एक दिवसही वाट पाहू नये.

अर्जातल्या चुका

मुंबई, पुणे, ठाणे, नाशिक, नागपूर अशा आयुक्तालयांच्या हद्दीत परवाना पोलीस आयुक्त देतात, बाकी जिल्ह्यांत जिल्हाधिकारी. वडील साताऱ्याचे आणि मुलगा पुण्यात नोकरीला असेल तर आधार गावचं आणि राहणं पुण्यात, या गोंधळात अर्ज चुकीच्या कार्यालयात पडतो. प्रत्यक्ष राहता तो पत्ता आणि त्याचा पुरावा एक करून घ्या, मगच शस्त्र परवान्याच्या सरकारी पोर्टलवर अर्जाचा अ-१ नमुना भरा.

इतर वारसांची संमतीपत्रं आधी गोळा करा. लग्न होऊन गेलेल्या आत्याचं किंवा बहिणीचं नाव गाळलेलं पोलीस चौकशीत हमखास उघड होतं. शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं आणि शारीरिक-मानसिक आरोग्याचं प्रमाणपत्र, सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र हे वारसालाही नव्याने द्यावं लागतं. वडिलांची कागदपत्रं उपयोगी नाहीत. कॉलेजातल्या मारामारीचा गुन्हा दाखल असेल तर लपवू नका. तो ठाण्याच्या अहवालात येणारच, आणि मग मूळ गुन्ह्यापेक्षा लपवणंच जास्त नडतं.

मुलगा अमेरिकेत असेल तर

तिथला कायदा ऐकून इथे आणि इथला ऐकून तिथे वागणारी घरं पाहिली, म्हणून एवढं सांगतो. अमेरिकेत परवानाधारक दुकानदाराने एकविसाच्या आतल्या ग्राहकाला हँडगन विकायला केंद्रीय कायद्याने बंदी आहे. तिला न्यायालयांत आव्हानही दिलं गेलं आहे. त्याच राज्यात राहणाऱ्या, अठरा पूर्ण झालेल्या मुलाला वडिलांनी हँडगन देणं केंद्रीय कायदा सरसकट रोखत नाही, पण बरीच राज्यं रोखतात किंवा परवाना, नोंदणी मागतात. वडील एका राज्यात आणि मुलगा दुसऱ्या राज्यात असेल तर व्यवहार दुकानदारामार्फतच करावा लागतो, म्हणजे वयाची अट पुन्हा आडवी येते.

नातेवाइकासाठी पण स्वतःच्या नावाने विकत घेणं तर टाळाच. एका माजी पोलिसाने वडीलधाऱ्या नातेवाइकासाठी पिस्तूल घेतलं आणि अर्जात खरा खरेदीदार मीच असं लिहिलं. तो नातेवाईकही कायद्याने शस्त्र ठेवायला पात्र होता. तरी २०१४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम ठेवली. आपल्या मुलांसाठी त्याहून महत्त्वाचं: विद्यार्थी व्हिसावर किंवा एच-१बी वर असलेल्यांना, वैध शिकार परवान्यासारखे थोडे अपवाद सोडले, तर बंदूक बाळगायलाच मनाई आहे. मित्राच्या वडिलांनी हौसेने हातात दिली तरी व्हिसा धोक्यात येऊ शकतो.

चूक आधीच झाली असेल तर

समजा, आजोबांना जाऊन सहा वर्षं झाली आणि रिव्हॉल्वर अजून घरात आहे. विहिरीत किंवा नदीत टाकू नका. परवान्याच्या नोंदीत ते शस्त्र आजही आहे, आणि कुठे गेलं या प्रश्नाला तुमच्याकडे उत्तर नसेल. ओळखीच्या कुणाला गुपचूप विकणं तर त्याहून गंभीर. ते स्वतः गाडीत घालून ठाण्याकडे निघू नका. वाटेतल्या नाकाबंदीत तुमचा चांगला हेतू तपासायला कुणी थांबत नाही. आधी वकिलामार्फत ठाण्याला लेखी कळवा: शस्त्राचं वर्णन, मृत्यूची तारीख, ते कसं सापडलं, आणि जमा करायचं आहे ही विनंती. कुणी येऊन न्यायचं की तुम्ही आणायचं, हे त्यांच्याकडून ठरवून घ्या. विलंबाबद्दल विचारणा होईल, कदाचित कारवाईही. पण स्वतःहून पुढे आलेल्या वारसाची आणि झडतीत सापडलेल्याची बाजू कुठल्याही न्यायालयात सारखी नसते.

परवाना नाकारला तर कारणांसह लेखी आदेश मागा. कारणं सांगणं सार्वजनिक हिताच्या विरुद्ध ठरणार नसेल तर ती द्यावी लागतात. कलम १८ खाली अपील करता येतं आणि त्याची मुदत थोडी असते, म्हणून आदेश हाती पडला त्याच दिवशी त्यावर तारीख टाकून ठेवा. अपिलाचा निकाल लागेपर्यंत शस्त्र जमाच राहू द्या.