संगीत नाटकाच्या चित्रपटरूपावर वाद कसा घालावा

आवडत्या संगीत नाटकावर चित्रपट निघणार अशी बातमी आली की पहिले दृश्य चित्रित होण्याच्या आतच चाहत्यांमध्ये दोन तट पडतात. एका तटाचे म्हणणे असते, ‘मूळची सर येणारच नाही’; दुसऱ्याचे, ‘माध्यम बदलले की बदल होणारच’. ही दोन्ही वाक्ये इतकी ढोबळ आहेत की ती खोडून काढता येत नाहीत आणि सिद्धही करता येत नाहीत, त्यामुळे तासन्‌तास बोलूनही कोणी जागचे हलत नाही. मी अशा वादांत अनेक वर्षे रमले आहे आणि मला ते मनापासून प्रिय आहेत, कारण वाद नेमका झाला तर आपण नाटक पुन्हा एकदा, अधिक जवळून पाहतो. तो नेमका कसा करावा यासाठी मला उपयोगी पडलेली पद्धत येथे मांडते.

सर्वांत आधी आपण ‘मूळ’ कशाला म्हणतो आहोत ते स्पष्ट करावे. कोणी पहिल्या संचातला प्रयोग पाहिलेला असतो, कोणी चाळीस वर्षांनी झालेले पुनरुज्जीवन पाहिलेले असते, आणि पुष्कळ जणांनी तर फक्त ध्वनिमुद्रण ऐकून मनात आपला एक प्रयोग उभा केलेला असतो. हे तिघेही ‘मूळ’ हा एकच शब्द वापरतात आणि तीन वेगळ्या गोष्टींबद्दल भांडतात. ‘कॅबरे’चे उदाहरण घेण्यासारखे आहे. बर्लिनमधल्या एका नाइटक्लबभोवती फिरणारे हे नाटक १९६६ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर आले. १९७२ साली बॉब फॉसी यांनी त्याचा चित्रपट केला तेव्हा त्यात नाटकात नसलेली काही गाणी आली. आणि १९९८ च्या पुनरुज्जीवनात हीच गाणी रंगमंचावर घेतली गेली. म्हणजे आजचा प्रयोग पाहून आलेला प्रेक्षक ज्या गाण्याला अस्सल रंगभूमीचे समजतो, ते चित्रपटाने नाटकाला दिलेले असू शकते. म्हणून वादाच्या पहिल्याच वाक्यात ‘मी अमुक वर्षाचा प्रयोग पाहिला आहे’ किंवा ‘मी केवळ ध्वनिमुद्रण ऐकले आहे’ असे सांगून टाकावे. त्यात कमीपणा काहीच नाही, आणि पुढचे निम्मे गैरसमज तेथेच मिटतात.

यानंतरचा प्रश्न माझ्या मते सगळ्या वादाचा कणा आहे : हे गाणे नाटकात त्या जागी कोणते काम करत होते, आणि चित्रपटात ते काम झाले का? गाणे राहिले की गेले, चाल तीच आहे की बदलली, हे प्रश्न त्यानंतरचे. संगीत नाटकात गाणे क्वचितच नुसती सजावट म्हणून येते. पात्राला बोलून जे सांगता येत नाही ते गाण्यात सांगता येते, कधी काळ पुढे सरकतो, कधी प्रेक्षकाला पात्रापेक्षा जास्त कळते, तर कधी दोन माणसांमधले अंतर सुरांतूनच ऐकू येते. हे काम ओळखायचे असेल तर गाण्याच्या लगेच आधी काय घडले आणि लगेच नंतर काय घडते, एवढेच कागदावर लिहावे, आणि नाटक व चित्रपट यांसाठी ते वेगवेगळे लिहावे. हे करायला दहा मिनिटे लागतात.

हे कसे चालते ते एका गाण्यावर दाखवते. ‘ले मिझराब्ल’ या नाटकाचा लंडनमधला प्रयोग १९८५ साली सुरू झाला आणि टॉम हूपर यांचा चित्रपट २०१२ साली आला. त्यातल्या फँटीनच्या ‘आय ड्रीम्ड अ ड्रीम’ या गाण्यावरून माझे आणि माझ्या एका मैत्रिणीचे जोरदार वाजले होते. तिचे म्हणणे असे की चित्रपटात गाणे गायलेलेच नाही, ते हुंदके देत बोलले आहे. माझे म्हणणे असे की तेच तर त्याचे सामर्थ्य आहे. दोघीही आवाजाबद्दल बोलत होतो आणि दोघींचेही काही चालत नव्हते. मग आम्ही आधी-नंतरची टिपणे लिहायला बसलो, आणि एक गोष्ट समोर आली जी दोघींनाही माहीत असूनही कधी जाणवली नव्हती. नाटकात फँटीनची कारखान्यातली नोकरी जाते आणि लगेच हे गाणे येते. केस विकणे, स्वतःला विकणे हे सारे त्यानंतर घडते. चित्रपटात हा क्रम उलटा आहे. तेथे तिचे सर्वस्व गेल्यावर ती हे गाणे म्हणते, आणि कॅमेरा जवळजवळ संपूर्ण गाणेभर तिच्या चेहऱ्यावरून हलत नाही.

म्हणजे शब्द तेच, चाल तीच, पण काम वेगळे. नाटकात हे गाणे कड्याच्या टोकावर उभ्या असलेल्या स्त्रीचे आहे. तिच्याजवळ गमावण्यासारखे अजून काही उरले आहे आणि म्हणून तिचा आवाज भरून, उंच जाऊ शकतो. चित्रपटातली फँटीन दरीच्या तळाशी आहे, आणि तेथे भरदार आवाज खोटा वाटला असता. माझ्या मैत्रिणीला आजही नाटकातलीच जागा योग्य वाटते. तिचा मुद्दा असा की पडण्याआधीचे गाणे ऐकले असेल तर पुढचे पडणे अधिक लागते. हा मुद्दा भक्कम आहे आणि मला तो अद्याप पूर्णपणे खोडता आलेला नाही. पण आमचा वाद ‘तिला गाता येत नाही’ येथून निघून ‘हे दुःख आधी सांगावे की नंतर’ येथे पोहोचला, आणि त्यावर आम्ही पुढचे कितीतरी दिवस बोलत राहिलो.

गाण्याची जागा बदलली की काय होते याचे आणखी एक उदाहरण ‘वेस्ट साइड स्टोरी’त आहे. १९५७ च्या नाटकात ‘आय फील प्रिटी’ हे मारियाचे आनंदाचे गाणे दुसऱ्या अंकाच्या आरंभी येते. त्याआधी पहिल्या अंकाच्या अखेरीस झालेल्या मारामारीत दोघांचा जीव गेला आहे. प्रेक्षकाला ते माहीत आहे, मारियाला नाही, आणि तिच्या प्रत्येक आनंदी ओळीबरोबर प्रेक्षक अधिकच अस्वस्थ होतो. १९६१ च्या चित्रपटाने ते मारामारीच्या आधी नेले, तेव्हा ते एका प्रेमात पडलेल्या मुलीचे गोड गाणे उरले. २०२१ च्या स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या चित्रपटात ते पुन्हा मारामारीनंतर आले. येथे मी स्पष्टपणे नाटकाच्या बाजूने आहे. तरीही दुसरी बाजू लक्षात घ्यायला हवी : नाटकात मारामारीनंतर मध्यंतर होते, प्रेक्षक उठतो, श्वास घेतो आणि मग हे गाणे ऐकतो. मध्यंतर नसलेल्या चित्रपटात दोन मृत्यूंना लागूनच असे गाणे ठेवणे फार अवघड असते.

यावरून लक्षात येते की गाण्याइतकाच वेळेचाही विचार करायला हवा. रंगमंचावर गाणे संपते तेथे टाळ्यांसाठी जागा राखलेली असते, आणि वाद्यवृंद शेवटचा ठोका असा देतो की टाळी पडावी. आपल्या संगीत रंगभूमीवर तर ‘वन्स मोअर’ने गाण्याची लांबीच प्रेक्षकाच्या हाती दिली होती, पद रंगले की गायक नट ते पुन्हा घेई आणि दुसऱ्या खेपेला सुरांची नवी वळणे काढी. चित्रपटातल्या गाण्याची लांबी संकलनाच्या टेबलावर कायमची ठरते. म्हणून ‘पडद्यावर ते पद तोकडे वाटले’ ही तक्रार करताना ते खरेच कापले आहे का, की आपल्याला त्या प्रतिसादाची उणीव भासली, हे स्वतःला विचारावे. दुसरे कारण असेल तर दोष दिग्दर्शकाच्या माथी मारता येत नाही.

आवाजाचा वाद सर्वांत जास्त पेटतो. ‘माय फेअर लेडी’च्या १९५६ च्या नाटकात नायिका एलायझाचे काम ज्युली अँड्र्यूज करत, १९६४ च्या चित्रपटात ते ऑड्री हेपबर्न यांना मिळाले आणि त्यांची बहुतेक गाणी गायिका मार्नी निक्सन यांनी गायली. त्याच चित्रपटातले नायक रेक्स हॅरिसन यांनी मात्र आधी मुद्रित केलेल्या गाण्यावर ओठ हलवायला नकार दिला, आणि टायमध्ये लपवलेल्या बिनतारी मायक्रोफोनवर आपली गाणी चित्रीकरणातच म्हटली. ‘ले मिझराब्ल’मध्येही कलाकार सेटवर, कानात पियानोची साथ ऐकत प्रत्यक्ष गात होते आणि वाद्यवृंद नंतर जोडला गेला. तेव्हा ‘आवाज आवडला नाही’ असे म्हणण्याआधी तीन गोष्टी वेगळ्या कराव्यात : गळा कोणाचा आहे, गाणे कधी मुद्रित झाले आहे, आणि ते किती अंतरावरून ऐकायचे आहे. शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणारा स्वर क्लोजअपमध्ये ओरडल्यासारखा वाटतो, आणि क्लोजअपला शोभणारी कुजबुज रंगमंचावर चौथ्या रांगेतही पोहोचत नाही.

‘कट्यार काळजात घुसली’वर बोलताना हे वेगळेपण फार उपयोगी पडते. पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या १९६७ च्या नाटकात गायक खांसाहेबांची भूमिका आणि त्यांचे गाणे ही दोन्ही वसंतराव देशपांडे यांचीच होती. गाणारा गळा आणि दुखावलेला माणूस एकाच देहात होते. २०१५ च्या चित्रपटात सचिन पिळगांवकर यांनी भूमिका केली आणि गाणे वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांचे होते. खांसाहेबांचे प्रतिस्पर्धी गायक पंडितजी यांच्या भूमिकेत मात्र शंकर महादेवन स्वतःच अभिनय करतात आणि स्वतःच गातात. या दोन पद्धती एकाच चित्रपटात शेजारी शेजारी असल्यामुळे प्रश्न नीट तपासता येतो : समोरासमोर बसून गाताना दोघांच्या चेहऱ्यांवर, गळ्याच्या शिरांवर, श्वासावर काही फरक दिसतो का? दिसत असेल तर कोणत्या दृश्यात दिसतो ते दाखवून बोलावे. जितेंद्र अभिषेकींच्या चालींसोबत शंकर-एहसान-लॉय यांच्या नव्या रचना आल्या, यावरही पुष्कळांचा रोष होता. त्यांतल्या ‘अरुणी किरणी’साठी महेश काळे यांना पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण पुरस्कार हा वादातला पुरावा धरू नये. ते पद जेथे येते तेथे कथेला त्याची गरज होती का, एवढेच पाहावे.

कात्री लागलेल्या गाण्यांबद्दल बोलताना कापण्यामागे सूत्र आहे का ते शोधावे. फॉसी यांनी ‘कॅबरे’त पात्रांनी घरात, खोलीत म्हटलेली गाणी काढून टाकली आणि गाणे जवळजवळ पूर्णपणे क्लबच्या मंचापुरते ठेवले. एका बिअरबागेतले गाणे तेवढे बाहेर राहिले, आणि एकटेच बाहेर असल्यामुळे ते अंगावर येते. ज्यांना काढलेली गाणी प्रिय होती त्यांचे नुकसान खरेच आहे, आणि ते मान्य करूनच या निर्णयाचे कौतुक करावे. उलट ‘विकेड’मध्ये काहीच सोडायचे नाही असे ठरले आणि मध्यंतरासह पावणेतीन तासांच्या नाटकाचे दोन चित्रपट झाले, २०२४ आणि २०२५ साली. तेथे विचारायचा प्रश्न वेगळा : वाढलेल्या वेळात पात्रांबद्दल नवे काय कळले?

केवळ झलक (ट्रेलर) पाहून निकाल देणे टाळावे. झलकेत गाण्याची जागा कळतच नाही. आणि ‘तुम्ही नाटक पाहिलेले नाही, तुम्हाला काय कळणार’ हे वाक्य वादात कधीही वापरू नये. ज्याने फक्त चित्रपट पाहिला आहे, त्याच्याकडे अशी एक गोष्ट असते जी नाटकाच्या जुन्या प्रेक्षकाला आता कधीच मिळणार नाही : पुढचे गाणे कोणते, हे त्याला माहीत नव्हते. त्याला एखादी जागा कळली नसेल, तर चित्रपटाने ती नीट सांगितलेली नसण्याची शक्यता मोठी आहे. आपण मात्र नाटकाच्या आठवणीने ती उणीव नकळत भरून काढलेली असते. म्हणून मी चित्रपट दुसऱ्यांदा पाहते तेव्हा शक्यतो अशा कोणाला तरी सोबत नेते आणि प्रत्येक महत्त्वाच्या गाण्यानंतर एकच विचारते, ‘आता या माणसाला काय हवे आहे असे तुला वाटते?’ उत्तर नाटकाच्या उत्तराशी जुळले नाही, तर ते लिहून ठेवते आणि पुढच्या भेटीत मैत्रिणीपुढे ठेवते.