वारंवारता दाखवणारी इंग्रजी क्रियाविशेषणे कशी निवडावीत

ऑलवेज, युज्वली, ऑफन, समटाइम्स, रेअरली आणि नेव्हर या उतरत्या क्रमातून शब्द निवडताना ती गोष्ट किती वेळा घडते आणि तिला अपवाद आहे का, हे आधी पाहावे. जळगावात मे महिन्यात दुपारी पारा ४० अंशांपलीकडे जातो. तरी एखादा ढगाळ दिवस निवतोच, म्हणून तेथे ऑलवेज नव्हे, तर युज्वली योग्य ठरते. रावेर-यावलच्या केळीबागांना वादळाचा तडाखा बसतो, त्यासाठी समटाइम्स पुरेसे आहे. तडाखा वरचेवर बसत असेल तरच ऑफन वापरावे.

खरी गफलत नकारात होते. आपण ‘तो कधीच येत नाही’ असे ‘कधीच’ला ‘नाही’ जोडून म्हणतो आणि त्याच सवयीने ‘ही डझन्ट नेव्हर कम’ लिहून बसतो, पण प्रमाण इंग्रजीत नेव्हरमध्येच नकार असल्याने ‘ही नेव्हर कम्स’ एवढेच लिहावे. रेअरली, सेल्डम (क्वचित) आणि हार्डली एव्हर (जवळजवळ कधीच नाही) यांनाही हाच नियम लागू आहे. (सेल्डम बोलण्यात फारसे ऐकू येत नाही, लेखनात शोभते.)

शब्दाची जागा मुख्य क्रियापदाआधी असते: ‘शी ऑफन गोज टू भुसावळ’. मात्र इज, आर, वॉज असल्यास तो त्यांच्यानंतर येतो: ‘शी इज ऑफन लेट’. सहायक क्रियापद असेल, तर दोहोंच्या मध्ये: ‘शी हॅज नेव्हर सीन द तापी’. समटाइम्स वाक्याच्या आरंभी किंवा शेवटीही चालते. नेमकी संख्या ठाऊक असेल, तर यांपैकी काहीच न वापरता ‘ट्वाइस अ वीक’ वाक्याच्या शेवटी लिहावे.