लॅपटॉप फॉरमॅट करताय? नवी की लगेच घेऊ नका

खानापूर, निपाणीकडून लॅपटॉप फॉरमॅट करायला बेळगावात आणला की विंडोजच्या नव्या कीचे (म्हणजे विंडोजच्या परवान्याच्या कोडचे) पैसे बऱ्याचदा उगाच जातात. लॅपटॉप विंडोज 8 किंवा त्यानंतरच्या विंडोजसह कंपनीतूनच आला असेल, तर की सहसा मदरबोर्डमध्येच (लॅपटॉपच्या मुख्य सर्किट बोर्डात) साठवलेली असते.

1. फॉरमॅटआधी सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउटमध्ये विंडोजची एडिशन (प्रकार) होम आहे की प्रो, ते बघून ठेवा. सगळं इथंच अडतं. होमच्या कीवर प्रो ॲक्टिव्हेट होत नाही.
2. इन्स्टॉल करताना की विचारलीच तर 'आय डोन्ट हॅव अ प्रॉडक्ट की' दाबा आणि तीच एडिशन निवडा.
3. नेट जोडा. ॲक्टिव्हेशन आपोआप होतं.

फोटो, शेताच्या उताऱ्यांचे पीडीएफ आधी पेनड्राइव्हवर घ्याच. मदरबोर्ड बदललेला असेल तर मात्र ही की मिळणार नाही.