जागतिक टेबल टेनिस: सांघिक लढतीचा क्रम कसा लावायचा

जागतिक अजिंक्यपद 1926 मध्ये लंडनला सुरू झालं. आता सांघिक स्पर्धा सम वर्षी होते, पुरुषांना स्वेथलिंग कप आणि महिलांना कोर्बियाँ कप. एकेरी, दुहेरी, मिश्र दुहेरी विषम वर्षी.

सांघिक लढतीत पाच एकेरी सामने, तीन जिंकले की लढत संपली. नाणेफेक जिंकणारा कर्णधार ए-बी-सी किंवा एक्स-वाय-झेड बाजू निवडतो; प्रत्येक अक्षर म्हणजे एका खेळाडूची जागा. क्रम असा: ए-एक्स, बी-वाय, सी-झेड, ए-वाय, बी-एक्स.

खरी मेख इथेच आहे. सी आणि झेड एकदाच खेळतात, म्हणून तिसऱ्या दर्जाचा खेळाडू तिथे ठेवा. ए-बी-सी बाजू मिळाली तर सर्वोत्तम खेळाडू ए वर ठेवा: पहिला आणि चौथा सामना त्याचाच. दुसऱ्या बाजूला मात्र एक्स वर घातला तर त्याचा दुसरा सामना थेट पाचवा. लढत 3-1 ने संपली तर तो बाकावरच राहतो! वाय वरचा खेळाडू दुसऱ्या आणि चौथ्या सामन्यात खेळतो, त्यामुळे तिथे ही भीती बरीच कमी. अर्थात पहिल्याच सामन्यात आघाडी हवी असेल तर एक्स चाही विचार करावा.

वैयक्तिक स्पर्धेत एकेरी सातपैकी चार गेमची, दुहेरी पाचपैकी तीनची. दुहेरीत निर्णायक गेममध्ये एक जोडी 5 गुणांवर पोहोचली की बाजू बदलतात आणि सर्व्हिस परतवणारी जोडी आपला परतवण्याचा क्रमही बदलते. घाईत हेच विसरलं जातं.