पालक वर्गात येण्याआधी

मुलं वर्षभर काय शिकली ते दाखवायची तारीख पक्की झाली की बहुतेक शाळांत आधी स्वागताचा फलक रंगवायला घेतात. त्याआधी बी भिजत घाला. रोपाची वाढ आदल्या रात्री जागून होत नाही. घेवड्याचं बी ओल्या कापसावर ठेवलं तर मूळ बाहेर पडायला दोन-चार दिवस जातात, मातीतून कोंब वर यायला आठवडा तरी लागतो. म्हणून १२, ९, ६ आणि ३ दिवस आधी अशा चार खेपांनी बिया लावा. मग त्या दिवशी टेबलावर फुगलेलं बी, फुटलेलं मूळ, वाकलेला कोंब आणि पानं उघडलेलं रोप असं सगळं एका ओळीत मिळतं. पेल्यांवर तारखा मुलांनीच घालायच्या, अक्षर कसंही येवो. एक-दोन पेले मुद्दाम कोरडे ठेवा. 'हे का नाही उगवलं?' असं कोणीतरी विचारतंच, आणि त्याचं उत्तर द्यायला पहिलीतलं पोरही पुढे सरसावतं.

सावलीच्या नोंदीही अशाच आधी उरकाव्या लागतात, कारण ऐन दिवशी ढग आले तर हाती काहीच राहत नाही. फरसबंद अंगणात काठी उभी करून दर तासाला सावलीच्या टोकाशी खडूने खूण करा आणि लांबी वहीत उतरवून घ्या. दुपारच्या सुमारास मात्र खुणा जरा जवळजवळ घ्या. सगळ्यांत आखूड सावली घड्याळात बरोबर बारा वाजता पडेलच असं नाही. मुलांना आलेली वेळ वेगळी असेल तर ती खोडून कोणी बारा करू नये. हा मोह मोठ्यांनाच होतो.

भिंतीवर काय लावायचं यावर शिक्षकांनी एकदा बसून बोलून घ्यावं. माझं मत विचाराल तर चकचकीत कागद, थर्माकोल आणि मोठ्यांनी कापलेली अक्षरं यांना सरळ रजा द्या. मुलाने लिहिलेला पहिला खर्डा आणि त्याच मजकुराची शेवटची प्रत शेजारी-शेजारी लावा. मधे काय घडलं ते पालकांना आपोआप दिसतं. खर्ड्यातल्या चुका लाल शाईने रंगवू नका. प्रत्येक मुलाचं काही ना काही भिंतीवर आहे ना, हे हजेरीपट हातात धरून तपासा, आठवणीवर विसंबू नका. उंचीचंही पाहा. सहा वर्षांचं मूल साधारण ११५ सेंटीमीटरचं असतं, म्हणजे त्याची नजर जमिनीपासून मीटरभर उंचीवर. तक्ते त्याच पट्ट्यात लावा, मोठी माणसं वाकतील.

आता वेळेचा हिशेब. वर्गात ३० मुलं आणि प्रत्येकाला दोन मिनिटं धरली तर तासभर सगळ्यांनी एका जागी बसून ऐकायचं. विसाव्या मिनिटाला मागच्या रांगेत जांभया सुरू होतात. त्यापेक्षा निम्मी मुलं आपापल्या टेबलापाशी उभी राहतील आणि निम्मी घरच्यांना घेऊन फिरतील, अर्ध्या तासाने अदलाबदल. तालीम घ्यायची, पण पाठ करून घ्यायचं नाही. सरावात मधेच काहीतरी विचारून बघा. मूल थांबून, विचार करून बोलत राहिलं तर तयारी झाली. सुरुवातीपासून पुन्हा म्हणू लागलं तर ते पाठांतर आहे. चारचौघांत ज्याचा आवाज फुटत नाही त्याला बोलायला लावू नका. मोजपट्टी, तराजू, भिंग असं काही त्याच्या हातात द्या. पाहुण्याच्या पावलाची टाचेपासून अंगठ्यापर्यंतची लांबी घ्यायला सांगितलं की ते मूल आपणहून आकडा वाचून दाखवतं.

ज्यांच्या घरून कोणीच येऊ शकणार नाही अशी मुलं कोण, हे आठवडाभर आधी गुपचूप विचारून ठेवा. त्यांच्यासाठी ऐकणारी माणसं नावानिशी ठरवा. कार्यालयातल्या बाई चालतील, वरच्या वर्गातली मुलं चालतील, शिपाईकाका तर फारच चांगले. शाळा झाडणारे, घंटा देणारे, फाटकावर बसणारे यांच्या मुलाखती मुलांनी घेतल्या असतील तर ती माणसं पाहुणी म्हणूनच आली पाहिजेत, त्या तासाला त्यांना पाणी वाटायला लावू नका. मुलाखतीचा कागद आधी त्यांना वाचून दाखवा. मुलं घरगुती गोष्टीही बिनधास्त लिहून टाकतात.

निमंत्रण चिठ्ठीने पाठवा आणि तोंडीही सांगा, सगळ्याच घरी चिठ्ठी वाचली जात नाही. पालकांसाठी दोन-तीन प्रश्न छापून दारात ठेवा: हे कसं केलंस, कुठे अडलं होतं, पुन्हा केलंस तर काय बदलशील? नाहीतर 'वा, छान' म्हणून माणसं पुढे सरकतात. फोटोंची लेखी परवानगी आधीच घ्या. ज्यांच्या घरून नकार आहे त्यांची यादी फोटो काढणाऱ्याच्याच खिशात असावी. आजी-आजोबांसाठी मोठ्या खुर्च्या लागतील. लहान वर्गातल्या खुर्चीची बैठक ३०-३५ सेंटीमीटरवर असते, गुडघे दुखणाऱ्याला तिच्यावरून उठवत नाही. चाकाची खुर्ची वळेल एवढी वाट टेबलांमधून सोडा. प्रसाधनगृहाकडचा बाण, पिण्याचं पाणी, प्रथमोपचाराची पेटी, वायर पायात येणार नाही याची खात्री ही कामं सकाळी एकाच माणसाकडे द्या.

आवरायची माणसंही आधीच ठरलेली हवीत, कार्यक्रम संपला की सगळे गप्पांत रमतात. रोपं कोण घरी नेणार ते पेल्यावर लिहा. भिंतीवरच्या वस्तू लगेच फेकू नका, दुसऱ्या दिवशी मुलांनी आपापलं उतरवून वहीत ठेवावं. टाचण्या मात्र त्याच संध्याकाळी मोजून डबीत.